संडासाची किल्ली

मंगळवार, संध्याकाळ. यवतमाळ.

वणीहून आल्यावर दोनदा हात धुतले, तरी किळस जात नाही. कोळशाची नाही, त्या माणसाची.

कामाच्या ठिकाणची माणसं समजून घेणं हे माझं काम, आवडीचंही. म्हणून तिथल्या एका कोळसा डेपोच्या मॅनेजरने बोलावलं. ट्रकच्या वजनकाट्यावर नोंदी करणाऱ्या रेखाताई त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडल्या होत्या. "मॅडम, तेवढा बाईचा राग उतरवून द्या," म्हणाला. बोटावर एक किल्ली गरगर फिरवत होता.

रेखाताईंना बाहेर झाडाखाली घेऊन बसले. त्या म्हणाल्या, "बायांच्या संडासाची किल्ली त्याच्यापाशी राह्यते. मागाले गेलं का ड्रायव्हर लोकांपुढं विचारते, कायले पाहिजे? मंग हासते. त्या दिवशी मले पाळी आलती. तरी विचारलंच त्यानं."

म्हणजे तीच किल्ली. आणि मी समोर बसून त्याचा चहा प्यायले! शी.

आत जाऊन किल्ली मागितली. मला "कायले" विचारलं नाही, अदबीनं दिली. मी ती त्याच्यादेखत रेखाताईंच्या हातात ठेवली. मग वाटलं, उद्या यानं ताईंना कामावरून काढलं तर? बाहेर येऊन लगेच डेपोच्या मालकांना फोन लावून सगळं सांगितलं. ताईंच्या नोकरीला हात लागणार नाही, किल्ली बायांकडेच राहील, असं त्यांनी कबूल केलं.

आत्ता मॅनेजरचा फोन. "झाली काय बाई शांत?"

"त्यांना काही झालेलंच नाही," म्हटलं. "उद्या येते, तुमच्याशी बोलायला."