कासवाचे मिटलेले डोळे

बाबा, आपल्या घरात हल्ली एक कासव आहे. तुझी नात नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना ते माझ्या गळ्यात घालून गेली. तळहाताएवढं, डोळ्यामागे लाल पट्टा. "पप्पा, सांभाळा हां," एवढंच म्हणाली, आणि मी नुसती मान हलवली.

गेल्या महिन्यात ते टाकीतल्या दगडावर डोळे मिटून बसलं ते बसलंच. झोपलंय, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. चौथ्या दिवशी तुझी सून चिडली, "झोपलंय कसलं, त्याला डोलं उघडता येत न्हाईत!" वाकून पाहिलं तर पापण्या भिजवलेल्या वाटाण्यासारख्या टम्म, कडेला पांढरा चिकटा, आणि पुढ्यात टाकलेली सुकट तशीच तरंगत होती. मी मिठाचं पाणी करायला धावलो. मिठागरात वाढलेल्या माणसाला दुसरं औषध सुचतंय कुठे? तिने हातातला डबा काढून घेतला आणि उरणला डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं.

"खायला काय देता?" बाईंनी विचारलं. सुकट, मी म्हणालो. "आणखी?" सुकटच. त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. नुसत्या सुकटीवर ठेवलं की जीवनसत्त्व कमी पडतं, पापण्या सुजतात, त्यात पाणी शिळं असलं की झालंच. मलम दिलं, औषधाचा थेंब मोजून दिला. जास्त झालं तर तेही बाधतं म्हणाल्या, माणसांचं औषध मुळीच घालू नका म्हणाल्या. रोज ताजं पाणी, सकाळचं ऊन. निघताना म्हणाल्या, "ते बघून खातं हो. दिसलं नाही तर भरल्या ताटापुढे उपाशी मरेल."

परत येताना मला गाडी रस्त्याकडेला थांबवावी लागली. डोळ्यांपुढे तू आलास: मिठागराच्या बांधावर बसला आहेस, फावडं गुडघ्यावर, भर दुपारी डोळे मिटून. वरून ऊन, खालून पांढऱ्या मिठाची तिरीप. मी डबा घेऊन आलोय आणि चारचौघांत ओरडतोय, "बाबा, कामाच्या वेळेला झोपतोस?" तू म्हणतोस, "न्हाय रं, जरा डोलं मिटलं." घरी तू ताटात भाकरी चाचपायचास आणि मला वाटायचं, म्हातारपण. तुला डॉक्टरकडे नेलं तेव्हा उजेड-अंधार एवढंच उरलं होतं.

नवव्या सकाळी मी गाजर किसून ठेवलं आणि त्याचा डावा डोळा उघडला. पिवळसर हिरवी चकती, मधोमध आडवी काळी रेघ, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत सगळं काही. मान हळूच बाहेर आली. आधी गाजर पाहिलं, मग मला पाहिलं, आणि मग खाल्लं. देवळातल्या दगडी कासवाला मी जन्मभर हात लावून नमस्कार केला, पण कासव आपल्याकडे असं बघतं हे मला ठाऊकच नव्हतं. तुझी सून मागे उभी राहून बघत होती. आता दोन्ही डोळे उघडे आहेत आणि रोज सकाळी मी नुसता बघत बसतो.

हे सगळं लिहून झालं तेव्हा लक्षात आलं, तू आज असतास तरी तुला पत्र पाठवून भागलं नसतं, वाचून दाखवावं लागलं असतं. बांधावरचं ते वाक्य तुझ्या फोटोसमोरही मोठ्याने वाचायची माझी अजून हिंमत नाही.