आपल्या गल्लीचा नळ शेवटी का आला

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींची झोप आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट या तिघांपैकी निदान दोघं तरी ठीक असतील असं धरून लिहितो. आम्ही इकडे बरे आहोत. (तुझ्या भावजयीच्या मते मी बरा नाही.)

मागच्या खेपेला तू सांगितलेलं काम झालं. नीट झालं असं मात्र म्हणवत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीत नळ आला आणि आपल्या गल्लीत यायला त्यानंतर सहा वर्षं लागली. पलीकडे राहणाऱ्या पाइपवाल्या कंत्राटदार काकांनी कोणाचे तरी हात ओले केले असणार, असं तू तेव्हापासून म्हणत आलीस. बाबा पाणीपुरवठ्याच्याच कचेरीत कारकून असून काही करू शकले नाहीत, हे त्याच्या मागोमाग. काकांची मुलगी म्हणजे तुझी एकुलती एक जिवलग मैत्रीण, पण तिच्याशी तू बोलणं टाकलंस ते टाकलंसच. आता या वयात ती नेमकी तुझ्या समोरच्या घरात राहायला आली, सकाळी बागेत तुला बाक बदलावा लागतो, आणि तिच्यापुढे टाकायला तुला एक सरकारी कागद हवा. मी म्हटलं, माहितीचा कायदा आहे, कोणीही अर्ज करून जुन्या फाईली बघू शकतो, त्यात काय मोठंसं. ताई, हे मी तुझ्याकडे चहा पिताना म्हटलं होतं. चहा पिताना माणूस काहीही म्हणतो.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ‘माहिती’ अशी पाटी असलेल्या खिडकीपाशी गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं की ही खिडकी फक्त माहिती घेते, देत नाही. देणारे साहेब वरच्या मजल्यावर. तिथल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि एवढं जुनं कशाला हवंय म्हणून विचारलं. आता कायद्यात स्वच्छ लिहिलंय की अर्जदाराने कारण सांगायची गरज नाही. मी तेच त्याला सांगितलं. (बहिणीला मैत्रिणीची जिरवायची आहे, हे निवृत्त भूमितीच्या मास्तराने भर कचेरीत कोणत्या तोंडाने सांगावं?) झालं, तिथून त्या कचेरीचं माझ्यावरून लक्षच हटेना. मी आलो की टाइप करणारे हात थांबायचे. एकाने मला पत्रकार ठरवलं, दुसऱ्याने वकील. शिपायाने जिन्यात गाठून, आपण दोघंच आहोत, खरं काय ते सांगा, असं फार मायेने विचारलं. मी नुसता हसलो. तिथेच चुकलं. हसणारा अर्जदार त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात आपल्या गल्लीतला तीन वर्षं बंद असलेला दिवा लागला. मग फुटलेलं गटाराचं झाकण बदललं. एका सकाळी तीन अधिकारी येऊन आपल्या नळाखाली बादली धरून घड्याळ बघत उभे राहिले. तुझी भावजय म्हणाली, असाच अर्ज आता रस्त्याचाही करा. शेजारीपाजारी मला वाकून नमस्कार करू लागले आहेत आणि मला तो घ्यावा की नाही ते कळत नाही.

अर्जाला उत्तर मात्र एका ओळीचं आलं, सदर फाईल आढळून येत नाही. मी अपील केलं. वरच्या साहेबांनी मला समोर बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला, आणि अभिलेख-खोलीत जाऊन स्वतः शोधायची परवानगी देऊन टाकली. (मी निघालो तेव्हा त्यांनीही कारण विचारलंच. सरकारी म्हणून नाही, मला आपलं सहज, असं म्हणाले.)

ती खोली तू पाहायला हवी होतीस. छतापर्यंत फडताळं आणि त्यांत सगळ्या खात्यांची कापडात बांधलेली गाठोडी. पाण्याच्या फाईली लाल कापडात, झाडांच्या हिरव्या, इमारतींच्या पांढऱ्या. अभिलेखपाल बाईंनी लाल गाठोडी तीन दिवस सोडली आणि बांधली, आपलं वर्ष कुठेच नाही. चौथ्या दिवशी मी सहज विचारलं की त्या वर्षी लाल कापड संपलं असतं तर काय केलं असतं. बाईंनी झाडांच्या फडताळाला शिडी लावली. वडाच्या फांद्या छाटण्याच्या दोन फाईलींमध्ये आपला नळ निघाला. एवढी वर्षं तो झाडांत होता म्हणून कोणाला सापडला नाही.

तर ताई, आता बस आणि वाच. फाईलीत काकांचं नाव पाइप पोचल्याच्या पावत्यांखेरीज कुठेच नाही. सातव्या पानावर बाबांचं अक्षर आहे. मला ते पान उलटण्याआधीच मागून उमटलेलं दिसलं, टाक दाबून लिहायचे ना. लिहिलंय की, या गल्लीत अधोस्वाक्षरीकाराचे स्वतःचे घर आहे, सबब पक्षपाताचा संशय येऊ नये म्हणून ही गल्ली यादीत सर्वांत शेवटी घ्यावी. समासात साहेबांनी हिरव्या शाईने विचारलंय, आपल्या घरी पाणी कोण भरते? खाली पुन्हा बाबा. ‘थोरली मुलगी, वय वर्षे बारा. तक्रार नाही.’

मला आधी अभिमान वाटला, मग बाबांचा इतका राग आला की मी फाईल मिटून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. घरी बाबा कचेरीबद्दल एक अक्षरही काढायचे नाहीत, ते यासाठी. सहा वर्षं तू दोन-दोन हंडे घेऊन कोपऱ्यावरून यायचीस आणि ते दारात बसून वर्तमानपत्र वाचायचे. मी त्या पाण्याने आंघोळ करायचो, म्हणून मलाही फार बोलता येत नाही. अभिलेखपाल बाईंनी काही न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. त्या कचेरीत मला कारण न विचारणाऱ्या त्या एकट्याच.

शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. प्रती दोन मिळाल्या. दुसरी मी त्याच दिवशी तुझ्या मैत्रिणीला टपालाने पाठवली. रागावू नकोस. तिच्या वडिलांवर अठ्ठेचाळीस वर्षं आळ होता आणि तो आपल्या घरातून गेला होता.

ता. क. २. हे पत्र पाकिटात घालताना तिचा फोन आला. प्रत तिला मिळाली. वडिलांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, ‘तक्रार नाही कशी? त्या वर्षी आमच्याकडेही नळ यायचा होता, आम्ही दोघी कोपऱ्यावर बरोबरच पाणी भरायचो. हंडा खाली ठेवून रोज रडायची माझ्यापाशी. कोणाला सांगू नको म्हणाली होती, म्हणून मी आजवर सांगितलं नाही.’ रविवारी सकाळी ती तुझ्या दारावर येणार आहे. मी तुला न विचारता हो म्हणून बसलो. दार उघडशील ना?