सहकुटुंब, सहपरिवार

११ जानेवारी, रविवार

पोचले एकदाची! नागपूरहून मुंबई, मुंबईहून कोलंबो आणि पुढे तीन तास टॅक्सी. पाठीचा पार खुळखुळा झाला, पण बंगला पाहिला आणि शीण पळाला. लाल कौलांचा, समुद्राला लागून, पुढे हिरवळ. यादीत तीन जागा आहेत, त्यातली ही पहिली. बाकीच्या दोन बघायची गरज पडेल असं वाटत नाही. शिवम अकोल्याच्या कॉलेजात परीक्षांमध्ये अडकलाय, म्हणून लग्नाची जागा निवडायचं काम त्याने माझ्यावर टाकलं. फोटो पाठवले तर म्हणतो, रागिणी, तू म्हणशील तिथे उभा राहतो.

फक्त तीस माणसं बोलावणार. अमरावतीत लग्न करायचं म्हणजे दीड हजाराची पंगत, आणि त्यातली हजार माणसं मी जन्मात न पाहिलेली! आई मात्र अजून फुगलेलीच आहे. निघताना तिने पिवळ्या अक्षतांची पुरचुंडी माझ्या पर्समध्ये कोंबली आणि बजावलं, "जागा पसंत पडली का पयले तिथल्या देवाले आवतण दे, मंग आपल्या माणसाइले."

बंगला सांभाळणारी सोमावती साठीची आहे, हसरी, मोडकंतोडकं इंग्रजी बोलते. तिने नारळाच्या दुधात शिजवलेली फणसाची भाजी वाढली. मी दोनदा भात घेतला.

१२ जानेवारी, सोमवार

ठरलं. हीच जागा. हिरवळीवर मांडव, समुद्राकडे तोंड, जेवण व्हरांड्यात.

आईचं काम उरकायला देव शोधत निघाले. बंगल्यात देवघर नाही. मागच्या अंगणाच्या टोकाला केळीच्या बुंध्याशी एक सपाट दगड दिसला, त्यावर थोडी शितं पडलेली. आमच्या वलगावच्या शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला दगड आहे, तसाच हाही असेल असं समजून मी हात जोडले, अक्षता ठेवल्या आणि आईने शिकवलं होतं तसं मोठ्याने म्हटलं की लग्नाला सहकुटुंब, सहपरिवार यायचं, जेवूनच जायचं.

सोमावती स्वयंपाकघरातून धावतच आली. माझं मनगट धरून तिने मला ओढलं. तो देव नाही म्हणे. ज्यांना जेवू घालणारं मागे कुणी उरलं नाही, अशा मेलेल्यांसाठी ती तिथे उरलेला भात टाकते. टाकायचा, पाठ फिरवायची, एक शब्द बोलायचा नाही. घरात तर कध्धीच बोलवायचं नाही. मी काय बोलले ते तिने तीनतीनदा विचारलं. सांगितलं तर कपाळावर हात मारून घेतला आणि मला आजच्या आज निघून जायला सांगितलं.

मला हसूच आलं. दीड हजार टाळायला इतक्या लांब आले, आणि इथेही आगंतुक!

१३ जानेवारी, मंगळवार

मी दातांची डॉक्टर आहे. रोज दहा-पंधरा तोंडं बघते, किडलेली, पू झालेली, तंबाखूने काळवंडलेली. मला सहजी किळस येत नाही. आज आली.

नाश्त्याचं ताट झाकलेलं होतं. झाकण उचललं तर भात चावलेला. चावून, लाळेत घोळवून पुन्हा ताटात ठेवलेला, अजून कोमट. पपईच्या फोडींवर दातांचे ठसे. मी ते नीट पाहिले, धंद्याची खोड. तीन वेगवेगळे जबडे. एक मोठा, त्याला पुढचे दातच नाहीत. एक मधला, वाकडे सुळे असलेला. एक अगदी लहान, दुधाच्या दातांचा.

ओकले. तोंड धुवायला गेले तर ब्रश ओला, आणि त्याच्या केसांत शीत अडकलेलं.

सोमावती दारातूनच म्हणाली की आधी पाहुणे जेवतात, मग यजमान. ती आत आली नाही.

१५ जानेवारी, गुरुवार, अमरावती

घरी आले. वाटलं होतं, सुटले.

विमानातल्या जेवणाचं सील मी स्वतः फोडलं. आत उष्टं. घरी आईने संक्रांतीचे तिळाचे लाडू पुढे केले. एक उचलला तर बोटांना लाळेची तार आली. चाटून चाटून गुळगुळीत केलेला! तीन दिवस काही पोटात गेलेलं नाही. पाण्याच्या पेल्याच्या काठालासुद्धा ओला, तुपकट ओठ उमटलेला असतो. शी! शी! शी!

आईला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती खालीच बसली. म्हणाली, "आवतण दिलं का वापस घेता येत नाई. पोटभर जेऊ घालूनच वाटेले लावा लागते." मग म्हणाली की अक्षता तिनेच दिल्या होत्या.

१८ जानेवारी, रविवार, अकोला

आज साक्षगंध. शिवमच्या घरी. सगळ्यांसमोर त्याने मला पेढा भरवला आणि तो स्वच्छ होता. कोरडा, गोड, कुणीही न चाटलेला. सहा दिवसांतला पहिला घास. मी रडले, बायका हसल्या, की पोरगी आतापासूनच रडायला लागली.

मग त्याची बोटं दिसली. पेराशी ठसे. मोठा जबडा, वाकडे सुळे, दुधाचे दात. कानाखाली एक ओलसर गोल डाग. तो म्हणतो, डास चावला.

माझं ताट त्यांनी सोडलं. मला आता कळलं काहून सोडलं.

१९ जानेवारी

शिवमला ताप. पुन्हा अकोल्याला जाऊन आले. मनगटाची कातडी पांढरी, फुगलेली, कुणीतरी तासन्‌तास चोखत बसल्यासारखी. अंगाला माझ्या दवाखान्यातला तो वास. सडलेल्या हिरड्यांचा. मी त्याच्या जवळ बसू शकले नाही. माझ्या शिवमची मला किळस आली, आणि त्याची लाज—

त्याने विचारलं, "काहून रडून राहिली?"

करंगळीचं नख नाही. त्याला माहीतही नाही.

आई म्हणते उद्याच. शेतात. पोटभर.

२० जानेवारी, वलगाव, दुपारी साडेबारा

मी संत्र्याच्या झाडाखाली, पाठ करून. आईने वही हातात दिली आहे. म्हणाली, मांगं पाहू नको, लिहत बस. तिने तीन पत्रावळी मांडल्या. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी, पातेली भरभरून.

हाक मारली तिने. या जी, बसा.

चपचप सुरू झाली.

एक वाजला. भात दुसऱ्यांदा. आई आग्रह करते आहे, घ्या न जी, लाजू नका. तिचा आवाज अगदी घरच्या पंगतीतला. वास इतका की पदर नाकाला—

वरण संपलं. भाजी संपली. बुंदीचं पातेलं नखांनी खरवडतात—

विडे दिले तिने. कुणी उठत नाही.

लहान आवाज. शिवमचं नाव घेतो आहे. पुन्हा पुन्हा. जेवण मागावं तसं—

आई म्हणाली, त्या पोराले सोडा. पोट भरलं नसन तं मी हाय न.

बांगड्या उतरवते आहे. एका हाताच्या. आता दुसऱ्या—

चपचप. हळू. आई अजून आग्रह करते आहे, घ्या, सावकाश घ्या, आवाज बारीक होत चालला, घ्या—

आई मी मागे बघ—