फक्त बाबांचा आवाज

१७ ऑगस्ट, रविवार

आला! एआयवाला लॅपटॉप — माझा स्वतःचा!
चुलतभाऊ सर्वेशदादा म्हणतो, "पदवी तुझी, डोकं त्याचं! झकास!" म्हणू दे. नेट बंद केलं तरी हा काम करतो. घरातलं घरातच राहतं. "हिरवी साडी, समुद्र" एवढंच लिहिलं आणि शेकडो फोटोंतून आई काढून दिली! मालवणच्या किनाऱ्यावरची. बाबा बघतच राहिले.
असं यंत्र आमच्या चाळीत प्रत्येकाकडे हवं. मी शिकवीन सगळ्यांना. खरंच.

१९ ऑगस्ट

शेजारच्या सुगंधाकाकूंना बँकेचं इंग्रजी पत्र मराठीत समजावून दिलं त्याने. काकू म्हणाल्या, "माझ्या मुलापेक्षा बरा गं. दोनदा विचारलं तरी खेकसत नाही!"

२२ ऑगस्ट

आईशिवायचा पहिला गणपती पाच दिवसांवर आलाय. गेल्या वर्षी सुतक होतं, आणला नव्हता.
बाबांना भेट म्हणून त्याआधीच्या वर्षी त्यांनी गणपतीपुढे घातलेल्या गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग फोनवरून लॅपटॉपवर घेतलं. पंखा, भांडी, पोरांचा कल्ला! 'फक्त बोलणाऱ्याचा आवाज ठेवा' — एकच बटण. बाबांचा आवाज काय स्वच्छ झाला! 'मूळ फाइल ठेवायची?' — नाही. फोनवरचीही उडवली. जागाच नव्हती.

२३ ऑगस्ट

आज पूर्ण ऐकलं. वाट लागली.
बाबा देवाकडे मागतात — "माझा चेडू घरातला पयला ग्रॅज्युएट होवंदे रे म्हाराजा!" चेडू म्हणजे मी, त्यांची मुलगी. त्यावर सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. कोणीच म्हणत नाही. शांतता. पुढचं मागणं. पुन्हा शांतता.
यंत्राला तो गोंगाट वाटला. त्या गोंगाटात आई होती! मोदकांचं पीठ लागलेल्या हातांनी आतून धावत यायची आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर एकटीच — "व्हय म्हाराजा!" दरवेळी उशिरा. आम्ही हसायचो.
फोटो शेकडो आहेत. आवाज तेवढाच होता.

२४ ऑगस्ट

मूळ रेकॉर्डिंग सर्वेशदादाकडेही नाही. "अगं, त्यालाच सांग ना, काकीचा आवाज बनवून देईल." बनवलेला नको! मी फोनच ठेवला.
यंत्राला काय बोलू? त्याने विचारलं होतं. नाही मीच म्हटलं. केवढी घाई मला सगळं स्वच्छ करायची!

२५ ऑगस्ट

बाबांना सांगितलं. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.
"पुसून टाकू?" मी विचारलं.
"ऱ्हवांदे ता," म्हणाले. बस्स.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

बाबांनी गाऱ्हाणं घातलं. सगळे एकदम ओरडले, "व्हय म्हाराजा!"
बाबा लगेच पुढे गेले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबले. मग पुढचं मागणं. पुन्हा थांबले. दरवेळी.
ती फाइल पुसणार नाही. तिच्यातही बाबा असेच थांबलेत.