वालाच्या शेंगा

चंद्रावती वन्सं, नमस्कार.

कळंबोलीला ट्रकने गाडी घासली तेव्हापासून स्टेअरिंग धरलं की माझे हात गार पडायचे. तुमच्या भावाला ते कळेना. तुम्ही मात्र शेंगा आणि पातेलं घेऊन गाडीत माझ्या शेजारी बसलात.

"चल गो कुमुद, आपल्याला घाई नाय."

मागचे हॉर्न वाजवत राहिले, तुम्ही सोलत राहिलात. तुमच्या हातांकडे बघून माझा श्वास जागेवर आला. उरणपर्यंत जाऊन पनवेलला परत आलो.

घरी भाजीसाठी पातेलं उघडलं, तर आत नुसती टरफलं. दाणे कचऱ्याच्या पिशवीत.

तुम्हीही घाबरला होतात, तरी बसलात.

हे पत्र मी धाडणार नाही. पुढच्या खेपेला मोऱ्याच्या तुमच्या घरून येताना शेंगा मात्र आणा.

तुमची,
कुमुद