वन्संनी पाठवलेला संच

४ जून

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल पोचलं आणि माझी झोप उडाली. हे कामावरून आले की भिंतीला टेकून डोळे मिटून बसतात. काही विचारलं तर नुसतं हं. तुम्ही रिटायर झालात तरी ग्रंथालय सुटलेलं नाही, कबूल. पण भावाला ध्यानासाठी पुस्तकं निवडून द्यायची म्हणून थेट बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा जाडजूड खंड? मी तो चोरून वाचला. भिक्षू व्हायला आईवडिलांची परवानगी लागते म्हणे. बायकोची लागते असं मला तरी कुठं सापडलं नाही. सासूबाई-मामंजी आता नाहीत, मग यांना अडवणार कोण?

वन्सं, आईच्या जागी तुम्हीच. विचारायला आले तर साफ नाही म्हणा. मला फार भीती वाटते हो.

लोभ आहेच, तो या खेपेला माझ्या बाजूनं असू द्या.

तुमची भावजय

९ जून

चि. सौ. शिंपीणबाईंस अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळावर हात मारून घेतला. माझ्या घुम्या भावानं फक्त बुद्धाच्या उपदेशांचा खंड मागितला होता. पण जन्म ग्रंथालयात गेलेला, संच फोडवेना! नियमांच्या खंडासकट तिन्ही खंड बांधले आणि धाडले. वर श्वास पाहत ध्यान कसं करायचं त्याचं एक पातळ पुस्तकही घातलं.

आता खरं ऐक. तुला सांगू नको म्हणाला होता, पण तू अशी घाबरलेली असताना मी गप्प कशी बसू? मागच्या महिन्यात वाऱ्यानं त्याच्या क्रेनचा भार हेलकावला आणि खालचा माणूस थोडक्यात वाचला. तेव्हापासून घुम्याला क्रेनची शिडी चढवत नाही. साहेबांनी त्याला खालच्या कामावर ठेवलंय. मन थाऱ्यावर यावं म्हणून तो बसतो गं, घर सोडायला नव्हे.

नियमांचा खंड ठेव कपाटावर. पातळ पुस्तकातलं रोज एक पान वाचायचं, मग ते मिटून ध्यानाला बसायचं. पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकत नाही. आणि उपदेशांच्या खंडात गृहस्थासाठीही सांगितलंय, नवऱ्यानं बायकोचा मान राखावा म्हणून. ते पान त्याला मोठ्यानं वाचून दाखव.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझी वन्सं

२३ जून

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

मोठ्यानंच वाचलं. मान राखावा इथवर आले आणि पुस्तक यांच्याच हातात दिलं. मग यांनी सगळं सांगितलं. मला काळजी नको म्हणून गप्प होते म्हणे! मी म्हटलं, त्या गप्प बसण्यानंच मी अर्धी झाले. त्या दिवसापासून पान मी वाचते, बसतात ते.

आज सकाळी हे पुन्हा क्रेनवर चढले. माझ्या शिवणाच्या दुकानातून क्रेन दिसते, लक्ष सगळं तिकडं, त्यामुळे गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली गेली. क्रेन वळली, भार अलगद खाली टेकला, आणि वन्सं, मी कातर हातात धरून रडले. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी विचारलं, वर गेल्यावर आधी काय केलंत? म्हणाले, श्वास पाहिला. आणि मग, म्हणून विचारलं, तर म्हणाले, तुझं दुकान उघडलंय का ते पाहिलं.

लोभ आता दोघांवर सारखा वाटून करावा.

तुमची भावजय