दुसरी बाही

ता. ९ नोव्हेंबर, रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

चि. भिंगरीस,

तुझ्या आजीचे पुष्कळ आशीर्वाद. आजी म्हणजे कोण, ते आठवायला वेळ घे. ठेंगणी, बोळकं तोंड, तुझ्या आईची आई. पटली ओळख? माझ्या वाढदिवसाला तू फोन करायचा विसरलीस आणि नंतर केलास तो छत्री कुठे राहिली ते विचारायला, म्हणून आपलं सांगून ठेवलं.

अक्षर ओळखलं असशीलच. ओळखलंस तरी पत्र फाडू नकोस. सांगणारी मी आहे, लिहिणारी म्हणजे नुसता हात. मला लिहिता येत नाही, तेव्हा मिळेल तो हात घ्यावा लागतो.

इकडे सगळं ठीक. समोरच्या न्हाव्याने मोठा आरसा लावला, त्यात आता आपलं अर्धं दुकान दिसतं. माझा गुडघा बोलतो, पण मी त्याला उत्तर देत नाही. बोका जाडा झाला आहे. तुझी आई बरी आहे.

हे शेवटचं वाक्य लिहिताना लिहिणारीने माझ्याकडे पाहिलं. बरी आहे म्हणजे खरंच बरी आहे गं. तेच सांगायला बसले होते, उगाच बोक्याला मध्ये आणलं.

आपलं दुकान तुला माहीत आहे. टेबलावर कापड, खुर्चीवर कापड, आणि खुंट्यांना एका बाहीचे शर्ट. एक बाही लावून झाली की तुझ्या आईला दुसऱ्याच कुणाच्या झग्याची आठवण व्हायची. गल्लीत तिला 'एकबाही' म्हणायचे, तेही तोंडावर. ती हसायची आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. तू गेल्यापासून नळ फार वेळ चालू राहायला लागला.

मग शाळेतल्या एक बाई फ्रॉक न्यायला आल्या. फ्रॉक अर्थातच झाला नव्हता. ओरडायचं सोडून त्या म्हणाल्या, "ताई, माझंही असंच व्हायचं. मी दाखवून घेतलं, तुम्हीही घ्या."

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे लहान मुलांना होतं, या वयात नाही, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. बाईचं काम पुरं होत नाही, आणि हे तिला झोपवणार! दुसरीकडे वेळ मिळाली, तर ही तिथं जायचंच विसरली. विसरणाऱ्याला म्हणायचं, तारीख लक्षात ठेवून या. म्हणजे पाय मोडलेल्याला सांगायचं, जिना चढून ये, मग पाय बघतो.

तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, मी येते बरोबर. पत्त्याचा कागद ही घरी विसरली. मला त्याचा काय उपयोग? मी दारं लक्षात ठेवते. खूण ऐकली होती: चपलांच्या दुकानावर, निळं दार. वर गेलो, निळं दार दिसलं, बसलो. आत बोलावल्यावर डॉक्टरांनी मलाच खुर्चीत आडवं केलं आणि म्हणाले, "आ करा." केला. आत बघून त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. बघण्यासारखं काही उरलंय कुठे? म्हणाले, "आजी, दुखतंय काय?" मी म्हटलं, "मला काही नाही. हिला दुखतं, आणि ते तोंडात नाही." तेव्हा कळलं, शेजारचं दारही निळंच आहे. तुझी आई इतकी हसली की शेजारच्या बाईंसमोर बसली तेव्हा डोळे आधीच ओले होते. मग रडायला वेगळी तयारी लागली नाही.

त्या बाई समुपदेशक. त्यांनी मला विचारलं, ही लहानपणी कशी होती? मी म्हटलं, "हुशार. पाणी आणायला धाडली की बादली नळाखाली राहायची आणि ही मांजराचं पिल्लू घेऊन घरी यायची. गणिताचं उत्तर सगळ्या वर्गाआधी, वही मात्र कधीच जवळ नाही." बाई म्हणाल्या, "आजी, माझं अर्धं काम तुम्हीच केलंत." त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी आणखी पुष्कळ विचारलं आणि चित्त एका जागी न ठरण्याच्या या दुखण्याचं नाव सांगितलं, एडीएचडी. मला जन्मात एक अक्षर आलं नाही आणि हिला एकदम चार मिळाली!

उतरताना जिन्यातच म्हणाली, "आई, म्हणजे मी आळशी नव्हते?" पन्नाशी उलटलेली बाई, पण आवाज बादली विसरून आलेल्या पोरीचा.

सुरुवातीला गोळी मानवली नाही. छाती धडधडायची, जेवण जाईना. परत गेलो, डॉक्टरांनी मात्रा कमी केली, मग लागू पडली. गोळी काही कपडे शिवणार नाही, हे बाईंनी आधीच बजावलं होतं. त्यांनी रीत घालून दिली. टेबलावर एकच कपडा, बाकीचे पडद्याआड. आणि शेजारी कुणीतरी नुसतं बसायचं. बोलायचं नाही, टोकायचं तर मुळीच नाही. ते काम माझ्याकडे आलं. मला ते किती जड गेलं ते तुला सांगायला नको. रुमालाचं टोक तोंडात धरून बसायचे.

आता ऐक. गाणाऱ्या काही मंडळींनी कोट शिवायला टाकले, सगळ्यांचे एकसारखे. ठरल्या दिवशी त्यांचे मास्तर आले ते भांडायच्या तयारीनेच. कोट तयार! त्यांना खरं वाटेना. सगळ्यांना रस्त्यावर उभं केलं, कोट घालायला लावले आणि ओरडले, "हात वर!" सगळे हात वर गेले, भिंगरे, दोन्ही, आणि हर हाताला बाही! न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला, मागोमाग त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस घेऊन. मंडळींनी तिथंच गाणं सुरू केलं. तुझी आई पायरीवर बसून हसत राहिली. त्या दिवशी नळ सोडला नाही.

मंडळी गेल्यावर तिने पडद्यामागून तो कोट काढला.

हो, तोच. मुलाखतीसाठी तू मागितलेला आणि एकच बाही पाहून परत खुंटीला टांगून गेलीस तो. दारात म्हणालीस, "आईला सगळं जग आठवतं, मी सोडून." ते तिच्या कानातून गेलं नाही. त्याची दुसरी बाही टेबल आवरताना सापडली, शिवणयंत्राच्या खणात, तुझ्या मापाच्या टाचण्यांसकट. तुला ती विसरली नव्हती गं. तुझ्यापर्यंत पोचायच्या आत वाटेत दहा कपडे आडवे यायचे.

लिहिणारी थांबली आहे. म्हणते, "आई, ती घालेल का?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, तिलाच विचार. तेव्हा लिहिते आहे: घालशील का? कोट याच पार्सलात आहे. आधी हात घालून बघ, डावाही आणि उजवाही.

आणि तुझ्या त्या छत्र्या नि किल्ल्या. बाई म्हणाल्या, हे घराण्यात उतरू शकतं. कोट घालून ये, निळं दार मी दाखवीन. बरोबरचं.

येणं जमेपर्यंत अक्रोड पाठव. दरवेळी फोडून पाठवतेस, कारण मला दात नाहीत आणि तुझी आई दोन फोडून उठायची. या खेपेला कवचासकट पाठव, मोठी पिशवी भरून. शेवटचा फुटेपर्यंत तिच्या शेजारी गप्प बसणारी,

तुझी आजी